घाटातली घोंगडी

खांडेदरा घाटात ड्रोन पहिल्यांदा वेड्यासारखं वागलं, तेव्हा वैजयंता शेलारला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असणार. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिनं यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी मात्र ते खांडजाईच्या देवळाभोवती गोल गोल फिरायला लागलं, एकेक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा मोठा होत गेला आणि शेवटी ते शेजारच्या जांभळीत जाऊन अडकलं. देवळापुढं थांबलेल्या ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आईला प्रदक्षिणा घातली गं त्यानं," गुरवबुवा कौतुकानं म्हणाले.

वैजयंताला त्या कौतुकाचं काहीच वाटलं नाही, कारण झाडावर तिला चढायचं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी, साडी खोचून, खाली आठ-दहा ड्रायव्हर फुकटचे सल्ले देत असताना.

सरकारी कागदावर ती 'कडासखी' होती. हे नाव कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. काम मात्र साधं आणि जोखमीचं. देवळाच्या मागे, रस्त्याच्या अगदी डोक्यावर, नव्वद फूट उंचीचा काळा कडा उभा होता. त्याला वरपासून निम्म्यापर्यंत एक भेग पडलेली. तीन वर्षांपूर्वी दोरावरून माणसं उतरवून त्या भेगेच्या दोन्ही अंगांना चुन्याचे ताटलीएवढे ठिपके रंगवले होते, एकमेकांसमोर सात जोड्या. वैजयंतानं रोज साडेअकराला, ऊन थेट भेगेत उतरलं की, ड्रोन वर न्यायचं, सातही जोड्यांचे फोटो काढायचे आणि अंतर वाढलंय का बघायचं. वाढलं असेल तर फोनवर एक बटण दाबायचं. मग घाटाच्या दोन्ही तोंडांचे अडथळे खाली येत आणि रस्ता बंद होई. तीन वर्षांत ते बटण दाबायची वेळ आली नव्हती. ड्रोनही काही खास नव्हतं, लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर घिरट्या घालतं त्यातलंच.

कड्याखाली 'येथे वाहने थांबवू नयेत' असा भलामोठा फलक होता. त्याच्यावर ड्रायव्हर टॉवेल वाळत घालत. घाट चढून आलेला ट्रकवाला खांडजाईला नारळ न फोडता पुढं गेला असं कधी झालं नव्हतं, आणि एका फलकासाठी आता होणार नव्हतं.

त्या आठवड्यात पत्र आलं. महिनाभरात प्रत्येक कडासखीनं उपग्रहाच्या मदतीशिवाय ड्रोन उडवून दाखवायचं, जमलं नाही तर यंत्र परत करायचं. शिकवायला कराडहून आरिफा मुल्ला नावाच्या बाई येणार होत्या.

आरिफा मॅडम आल्या त्या स्कूटरवरून, पायात बूट आणि तोंडात लवंग. तीस वर्षं जमीनमोजणीत काढलेली बाई. वैजयंतानं नेहमीसारखं देवळाच्या कट्ट्यावर ड्रोन ठेवलं, हात जोडले आणि सुरू करणार एवढ्यात त्यांनी तिचा हात धरला.

"रोज इथूनच उडवता?"

"तीन वर्षं झाली. आईच्या पायापासून सुरुवात."

आरिफा मॅडमनी वर पाहिलं. कट्ट्यावर लोखंडी कमान होती आणि तिला ट्रकवाल्यांनी नवसाच्या घंटा टांगल्या होत्या, दरवर्षी भर पडत आता शे-सव्वाशे तरी झाल्या असतील. कोपऱ्यात त्रिशुळांचा भारा आणि तुटलेल्या साखळ्या.

"ताई, ह्याच्या पोटात होकायंत्र आहे. त्याला एवढ्या लोखंडात बसवून उत्तर दिशा विचारताय. ते बिचारं काय सांगणार? घंटेकडं बोट दाखवतं. मग वर गेल्यावर उपग्रह म्हणतो, तू पूर्वेला सरकलास, पश्चिमेला ये. हे आपल्या समजुतीची पश्चिम धरून निघतं, ती निघते दक्षिण. चूक सुधारायला जातं, आणखी चुकतं. त्याचा होतो गोल. ती प्रदक्षिणा नव्हे."

"आईच्या पायापासून नाही उडवायचं म्हणता?" वैजयंताचा आवाज चढला.

"पाया पडा की. मग दीडशे पावलं चालत जा आणि तिथनं उडवा. देवीला लोखंड चालतं, यंत्राला चालत नाही."

देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या उतारावर एक जुनं खळं होतं. सपाट, मोकळं, कड्याच्या बरोबर समोर. ड्रोन तिथं ठेवलं आणि गोल फिरायचं एका दिवसात थांबलं. वैजयंताला तीन वर्षं फुकट गेल्यासारखं वाटलं आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हा एक आजार झाला. दुसरा बाकी आहे."

दुसरा आजार रोज येत नसे. कधी कधी, देवळापुढं ट्रकांची रांग लागली की, हातातल्या पडद्यावरचा उपग्रहांचा आकडा अठरावरून एकदम शून्यावर येई. मग ड्रोन वाऱ्यानं वाहायला लागे आणि रिमोटच्या काठीवरचा हात सोडला तरी थांबत नसे.

मॅडमनी खळ्यावर बसून सगळं समजावलं. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. तिथून तो सांगतो, आत्ता किती वाजले आणि मी कुठं आहे. अशा चारेक उपग्रहांचं ऐकलं की खालच्या यंत्राला स्वतःची जागा कळते. पण तो आवाज इथं पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की गोंगाटातून गाळून घ्यावा लागतो. आता कुणी जवळच त्याच पट्टीत, बोटभर लांबीच्या डबीतून नुसता खरखराट सुरू केला तर? अर्ध्या किलोमीटरमधलं प्रत्येक यंत्र बहिरं होतं.

"अशी डबी कोण लावील?" वैजयंतानं विचारलं. विचारतानाच उत्तर तिला ठाऊक होतं.

"ट्रकवाले. कंपन्या त्यांना दर दहा सेकंदाला बघतात ना वरून. आठ मिनिटांच्या वर गाडी थांबली की फोन. म्हणून त्यांनी ही डबी काढली. घोंगडी म्हणतात तिला. पांघरली की दिसत नाही."

वैजयंता ड्रोनच्या पंख्यावरची धूळ पदरानं पुसायला लागली.

"पण ते आता फार दिवस चालायचं नाही. तुमच्या ड्रोनला उपग्रह कधी, कुठं, किती वेळ दिसला नाही याची नोंद आपोआप होते. पुढच्या महिन्यापासून सगळ्या ड्रोनांच्या नोंदी एकत्र करणार. त्या वेळी जवळ कोणकोणत्या गाड्या होत्या ते ताडून बघितलं की घोंगडी कुणाच्या गाडीत ते कळतं. शिवाय कारण तुम्हालाही लिहायचंय, तुमच्या सहीनं."

हणमंत शेलार दर चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास घाटात यायचा.

तो तिचा नवरा. बावीस वर्षं ट्रकवर, त्यातली पहिली पाच क्लीनर म्हणून. पूर्वी आठवड्यातून दोन रात्री घरी असायचा. गाड्या वरून दिसायला लागल्यापासून महिन्यातून एक. मग घोंगडी आली आणि दर चौथ्या दिवशी वीस मिनिटं मिळायला लागली. कंपनीच्या नकाशावर त्याची गाडी खांडेदरा घाटात हरवायची आणि वीस मिनिटांनी घाटाखाली सापडायची. 'घाटात रेंज जाते साहेब,' एवढं म्हटलं की भागत होतं. त्या वीस मिनिटांसाठी वैजयंता पहाटे उठून भाकरी थापायची आणि केसांना नीट तेल लावायची. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या चौथ्या दिवशी तिनं डबा त्याच्यापुढं ठेवला आणि बसलीच नाही.

"अवो, माझं यंत्र तुमच्या घोंगडीनं भरकटतंय."

हणमंत घास हातात धरून थांबला. "माझ्या एकट्याच्या? इथं सहा गाड्या उभ्या हायत."

"सहांत एक तुमची हाय."

"मग काय करू म्हंतीस? काढून टाकू? काढली की आठ मिनिटात फोन. तीनदा फोन आला की गाडी दुसऱ्याला."

"मला खरं लिहावं लागणार हाय. सहीनं."

त्यानं हातातला घास परत डब्यात ठेवला. मग हळूच म्हणाला, "तू असं कर की. मी येतो त्या दिवशी उडवूच नगं. वारा व्हता म्हणून लिही. चार दिसातनं एक दीस. कडा काय पळून जातोय व्हय?"

तिला राग आला आणि त्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या दाढीकडं बघून तो गेलाही. तिला तो हवा होता. वीस मिनिटं का होईना, समोर बसून जेवणारा नवरा हवा होता. तिनं त्या दिवशी नोंदीत 'वारा' असं लिहिलं. पुढच्या चौथ्या दिवशीही लिहिलं. खोटं लिहिण्याची सवय नसल्यानं दोन्ही वेळा तिचा अंगठा चुकून भलत्याच अक्षरावर पडला.

बाकीचे दिवस मात्र ती झपाटल्यासारखी शिकत होती. आरिफा मॅडमनी खळ्यावर बांबू रोवून त्याला ओढणीची चिंधी बांधली होती. "उपग्रह हा तुमचा ब्रेक होता, ताई. आता ब्रेक नाही. उंची यंत्राला हवेच्या दाबावरून कळते, तोल ते आपला आपण सांभाळतं, एवढंच. जागा तुम्ही धरायची. आणि जागा धरायची म्हणजे वाऱ्याशी बोलायचं."

घाटातला वारा पक्का डांबरट. सकाळी कडा गार असतो तेव्हा तो वरून खाली वाहतो. ऊन चढलं, खडक तापला, की खालून वर आणि थेट कड्याकडं. म्हणजे साडेअकराला हात सोडला की ड्रोन खडकावर आपटणार, हे ठरलेलं. पहिले चार दिवस वैजयंता घाबरून काठी गपकन मागं ओढायची आणि यंत्र भिरभिरत दरीकडं जायचं. पाचव्या दिवशी तिला एकदम उमगलं. चढावर भरलेली गाडी हणमंत ब्रेकवर नाही, अर्ध्या क्लचवर उभी धरतो. ना पुढं, ना मागं, पाय सतत बोलता. तिनं काठी तशीच धरली, वाऱ्याला लागेल तेवढीच मागं, क्षणाक्षणाला कमी-जास्त. ड्रोन हवेत डुलत डुलत एका जागी राहिलं.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "आता नियम ऐका. उडण्याआधी चिंधी बघायची. यंत्राचं तोंड कायम आपल्यापासून लांब ठेवायचं, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. घरी परत ये म्हणणारं बटण विसरायचं, कारण घर कुठंय ते त्याला ठाऊक नसतं. बॅटरी चाळीसवर आली की परतायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं. उपग्रह पूर्ण गेला तर भ्यायचं नाही, अर्धवट दिसायला लागला तर भ्यायचं. बहिरं माणूस निदान गप्प बसतं. अर्धवट ऐकणारं काहीतरी भलतंच ऐकून धावत सुटतं. अशा वेळी हा हातचा खटका दाबायचा आणि उपग्रह आपणच बंद करून टाकायचा."

परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि वैजयंताला खात्री होती की ती पास होणार. तिनं मॅडमना तसं सांगितलंही. 'वारा' बद्दल मात्र सांगितलं नाही.

मार्चचा दुसरा आठवडा होता. दिवसा खडकाला हात लावता येत नव्हता आणि पहाटे अंगावर चादर लागत होती. दरड पावसातच कोसळते असं सगळ्यांना वाटतं. पण तापायचं, गार व्हायचं, पुन्हा तापायचं, यानंही खडक आतून सुटत जातो.

हणमंतचा दिवस होता. वैजयंता डबा घेऊन देवळाशी आली, तर गुरवबुवा कट्ट्याखाली उभे राहून देवळाच्या पत्र्याकडं बघत होते.

"ऐक," ते म्हणाले.

टण. थोडा वेळ काही नाही. मग टण, टण. हरभऱ्याएवढी खडी पत्र्यावर पडत होती.

"सकाळपासनं चाललंय."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"रोज तू बघतीसच की वर जाऊन," गुरवबुवा म्हणाले.

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती स्वतःवरच. आज उडवायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. ड्रोनची पेटी घरी होती. डबा गुरवबुवांच्या हातात कोंबून ती पळत गेली आणि पेटी घेऊन पळत आली, तोवर हणमंतची गाडी रांगेत लागली होती. सहा ट्रक, एक टेम्पो. वीस-बावीस माणसं, सगळी कड्याच्या पायाशी. कुणी चहा पीत होतं, कुणी नारळ सोलत होतं.

"गाड्या काढा इथनं!" ती ओरडली. "वरनं खडी पडतीय."

"खडी काय मावशी, रोजच पडती," एक जण म्हणाला. "चहा तरी संपू द्या."

ती हणमंतपाशी गेली. "मी उडवणार हाय. घोंगडी बंद करा."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात हे तोंड त्यानं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. तो तसाच केबिनमध्ये चढला, डबी उपटून खिशात घातली आणि मग एकेका ट्रकच्या दाराशी जाऊन ड्रायव्हरांना सांगायला लागला. चौघांनी कुरकुरत ऐकलं. पाचवा म्हणाला, माझ्याकडं नाहीच. ते खोटं होतं, कारण खळ्यावर वैजयंताच्या पडद्यावर उपग्रहांचा आकडा शून्याचा चार झाला, मग सात, मग पुन्हा तीन.

अर्धवट.

ड्रोन तिच्या डोक्यावर दहा फुटांवर होतं आणि आत्ताच त्यानं डावीकडं एक हिसका दिला होता. तिनं चिंधीकडं पाहिलं. वारा कड्याकडं. तिनं अंगठ्यानं खटका दाबला आणि उपग्रह बंद केला. यंत्र लगेच मऊ झालं, वाऱ्याबरोबर सरकू लागलं, आणि तिनं ते हातात धरलं.

वर जाणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते जवळ जाणं. समोरून बघताना ड्रोन कड्यापासून वीस फुटांवर आहे की दोन, हे डोळ्याला कळत नाही. सगळं एकाच काळ्या पडद्यावर चिकटल्यासारखं दिसतं. बाजूनं बघणारं कुणीतरी हवं.

"अवो!" तिनं जीव खाऊन हाक मारली. "वळणावर जावा! तिथनं कडा आडवा दिसतोय. गाडी घिऊन जावा आणि मला मागं घ्या!"

'मला मागं घ्या' म्हणजे काय, हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. हणमंतला कळलं. अवघड जागी ट्रक मागं घेताना क्लीनर मागे उभा राहतो आणि गाडीच्या फळीवर थाप मारतो. दोन थापा, येऊ दे. एक थाप, थांब. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत, थाप जाते. पाच वर्षं त्यानं तेच केलं होतं. त्यानं गाडी वळणापलीकडं मोकळ्या जागी नेली, खाली उतरला, मान वर केली आणि फळीवर हात ठेवला.

थप थप.

वैजयंतानं काठी केसभर सैल केली. वाऱ्यानं ड्रोन कड्याकडं ढकललं.

थप थप. थप थप.

पहिल्या जोडीचा फोटो. दुसऱ्या, तिसऱ्या. चौथी जोडी एका फुगीर खडकाच्या आड होती. ती यंत्र हळूहळू आत घेत गेली. थप थप. थप थप. थप!

तिनं धरलं. नंतर हणमंतनं सांगितलं की पंखा आणि खडक यांच्यात हातभर अंतर होतं.

पडद्यावर चौथी जोडी दिसत होती. अंतर मोजायला तिला उपग्रह लागणार नव्हता. ठिपका ताटलीएवढा, ते माप फोटोतच होतं. तीन वर्षं दोन ठिपक्यांच्या मध्ये बरोबर दोन ताटल्या मावत होत्या. आता तीन मावून जागा उरत होती. आणि भेगेच्या आत, जिथं कायम अंधार असायचा तिथं, पलीकडचा उजेड दिसत होता.

तिनं फोटो पाठवला. फोननं सांगितलं: 'स्थान अनिश्चित. फोटो नाकारला.' पुन्हा पाठवला, पुन्हा नाकारला. फोटो नाकारला की रस्ता बंद करायचं नेहमीचं बटण उमटतच नव्हतं. त्याच्या खाली एक केशरी बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, 'स्वतःच्या जबाबदारीवर'. विनाकारण दाबलं तर यंत्र आणि काम दोन्ही जाणार, हे पहिल्याच दिवशी सह्या घेऊन सांगितलं होतं.

ड्रोन एका हातानं सांभाळत तिनं आरिफा मॅडमना फोन लावला. "मॅडम, तीन ताटल्या झाल्यात. आतनं उजेड दिसतोय. आणि फोन म्हणतोय मला जागाच माहीत नाही."

"जागा तुम्हाला माहीत आहे का?"

"माझ्या डोळ्यासमोर हाय की!"

"मग मला कशाला विचारताय?"

वैजयंतानं केशरी बटण दाबलं.

भोंगा वाजला तेव्हा घाटाच्या दोन्ही तोंडांना अडथळे उतरले आणि चहाचे पेले खाली पडले. जो मघाशी चहा संपू दे म्हणत होता तो सगळ्यात आधी पळाला. गुरवबुवा देवीचा मुखवटा काखेत मारून खळ्यावर आले, दुसऱ्या हातात डबा तसाच. हणमंतनं गाड्या एकेक करून वळणापलीकडं काढायला लावल्या. चौदा मिनिटांत रस्ता रिकामा झाला. बॅटरी एकेचाळीसवर होती. वैजयंतानं ड्रोन हातानं, न आपटता, खळ्यावर उतरवलं आणि बॅटरी काढून पेटीत ठेवली.

पाऊण तास काहीच झालं नाही. ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. एकानं विचारलं, "मावशी, नक्की ना?" ती म्हणाली, "नक्की." त्यानं परत विचारलं नाही.

पाऊण वाजता कड्याचा फुगीर भाग सुटला. आवाज आधी छातीत जाणवला, मग कानात. दोन ट्रक भरतील एवढा दगड रस्त्यावर आला, 'वाहने थांबवू नयेत'चा फलक त्याच्याखाली गेला, कट्टा गेला आणि घंटांची कमान वाकून आडवी झाली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. मग ज्यानं 'माझ्याकडं नाहीच' म्हटलं होतं तो ड्रायव्हर पुढं आला, खिशातून डबी काढून त्यानं वैजयंताच्या पायाशी ठेवली आणि रडायला लागला.

नोंद तासाभरात करायची असते. वैजयंतानं फोन उघडला. 'उपग्रह अनुपलब्ध, अकरा सत्तावीस ते अकरा त्रेचाळीस' हे आधीच लिहून आलेलं होतं. 'कारण' पुढची जागा मोकळी होती. तिचा अंगठा तिथं थांबला. हणमंत शेजारी येऊन उकिडवा बसला.

"लिही," तो म्हणाला. "नंबर लिही. पयला माझा."

"गाडी जाईल."

"जाऊ दे. मी वीस मिनिटं तुझ्या तोंडाकडं बघायला येत व्हतो आणि तेवढ्यासाठी तुला आंधळी करून ठेवत व्हतो. आज मघाशी फळीवर थापा मारताना ते टाळक्यात शिरलं." त्यानं खिशातली डबी काढून खळ्यावर ठेवली. "गाड्या ढिगानं हायत. हात आणि डोळं शाबूत असलेला ड्रायव्हर कुठं मिळतोय?"

तिनं लिहिलं. पहिला नंबर त्याचा, मग बाकीच्यांचे, त्यांनी स्वतः येऊन सांगितले तसे. मग मागच्या दोन नोंदी उघडल्या, दोन्ही ठिकाणचं 'वारा' खोडलं आणि लिहिलं: उडवलं नाही, माझी चूक. सगळं पाठवून दिलं. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. रडून झाल्यावर तिला सपाटून भूक लागली.

रस्ता मोकळा व्हायला रात्र होईल असं खालून कळलं होतं. खळ्यावर सावलीला डबा सोडला. भाकरी वाळली होती, ठेच्याला पाणी सुटलं होतं, आणि दोघं कित्येक महिन्यांनी घड्याळ न बघता जेवत होते.

हणमंतचा फोन वाजला. कंपनीचा माणूस होता. आवाज एवढा मोठा, की वैजयंताला शब्द न शब्द ऐकू आला.

"शेलार, गाडी दोन तास एकाच जागी दिसतेय."

"दिसतीय न्हवं? दिसू द्या."

"कुणाच्या परवानगीनं थांबलात?"

"परवानगी कसली साहेब? रस्ताच बंद केलाय. कडासखीनं."

"कोण कडासखी? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता मला तिच्याशी बोलायचंय."

"वैजयंता हणमंत शेलार," हणमंत एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "इथंच बसलीय शेजारी. पण ती आत्ता जेवतीय. तिचं झालं की देतो, तवर थांबा."